इंजिनाचं पुढचं झाकण

त्या दुपारी मी पापांचं जेवण घेऊन कुमासीच्या सुआमे मॅगझिनमध्ये, गॅरेजांच्या वस्तीत, पोचले, तेव्हा पापा आणि मास्टर डोत्से गाडीच्या उघड्या बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहून वाद घालत होते. ते दोघं वाद घालत नसतील तरच काहीतरी बिनसलंय असं समजायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"मी नवी चेन आण म्हणालो होतो," पापा म्हणत होते.

"नवी, नवी. डबा नवा असतो, ड्रायव्हर. आत काय असतं ते देवाला ठाऊक. ही बघा. युरोपातून आलेली, वापरलेली. एक म्हातारा फक्त चर्चला जायला गाडी काढायचा."

"दर वेळी तुझा तोच म्हातारा असतो. किती गाड्या होत्या रे त्याच्याकडे?"

"श्रीमंत होता."

पापांनी चेन हातात घेऊन उन्हात धरली, आडवी केली, किती झुकते ते पाहिलं. झुकली नाही. ते काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडली.

आमची गाडी म्हणजे एक जुनी जर्मन डिझेल व्हॅन. पापा तिच्यातून एजुराच्या बाजारच्या बायकांचा कांदा आणि सुरण कुमासीला आणायचे. मेट, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, त्यांनी कधी ठेवला नाही. म्हणायचे, दार उघडायला मला दुसऱ्याचा हात कशाला? काही आठवड्यांपासून इंजिन सकाळी सुरू होताना डब्यात खडे हलवल्यासारखं वाजत होतं. टायमिंगची चेन ताणली गेली होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून ती त्याच दिवशी बदलायची होती.

"ही पुस्तकवाली आली," मास्टर म्हणाले. मी केप कोस्टच्या एका लायब्ररीत काम करते, सुट्टीला घरी आले होते. "पोरी, तुझ्या पुस्तकांत बघून सांग, बापाला गप्प कसं करायचं ते."

"ते पुस्तक कुणीतरी नेलंय, मास्टर. परत आलं नाही."

पापा हसले. उजवा हात धुऊन त्यांनी पानात बांधलेली केंके, मक्याच्या पिठाचा उंडा, सोडली, मासळी मोडली, मास्टरना "या" म्हणाले. मास्टर आले. आजूबाजूच्या शेडमध्ये पत्रे ठोकण्याचा आवाज चालू होता, वेल्डिंगचा धूर होता, एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. मी एका टायरवर बसून वाचत होते.

जेवण झाल्यावर कामाला सुरुवात झाली. मास्टर डोत्सेंच्या शेडमध्ये चेन बदलायची एक पद्धत आहे. ते इंजिनाचं पुढचं झाकण उघडत नाहीत, कारण ते उघडायचं तर पुली, पंखा, खालचं चेंबर सगळं हलवावं लागतं. त्याऐवजी वरचं कव्हर काढायचं, जुनी चेन वरच्या चाकापाशी कापायची आणि तिच्या टोकाला नवी चेन जोडायची. मग खालून एकानं पान्ह्यानं इंजिन हळूहळू फिरवायचं. एका बाजूनं नवी आत जाते, दुसऱ्या बाजूनं जुनी बाहेर येते. नेफ्यातल्या जुन्या नाडीला नवी नाडी बांधून ओढून घ्यावी तसं. फक्त जो वर चेन धरून उभा असतो त्यानं ती क्षणभरही सैल सोडायची नाही. सुटली की ती सळसळत आत जाते, आणि मग झाकण उघडण्याशिवाय गत्यंतर नाही.

वर चेन धरायला पापा कुणाला उभं राहू देत नसत. "माझ्या इंजिनाची चेन मीच धरणार," हे त्यांचं ठरलेलं होतं. उजव्या हातानं नवी सोडायची, डाव्या हातानं जुनी ओढून घ्यायची. मास्टर खाली पान्हा घेऊन बसले.

"फिरव."

"फिरवतोय."

"हळू रे, बाजारात चाललायस का?"

मी थोडा वेळ पाहत होते. मग मास्टरनी मान वर करून पापांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि मला म्हणाले, "पोरी, जा तू आता घरी. इथं बघण्यासारखं काही नाही."

मी डबा उचलला आणि निघाले.

पापा उशिरा घरी आले. आंघोळ केली, सूप आणि कुटलेल्या कंदाचं फुफू खाल्लं, झालं काम म्हणाले, आणि शेजारच्याच्या बकरीबद्दल काहीतरी सांगून झोपायला गेले. सकाळी मी उठले तेव्हा गाडी गेलेली होती.

त्या दिवशी दुपारनंतर, मांपोंगच्या अलीकडच्या उतारावर, आमची व्हॅन रस्ता सोडून उंच गवतात जाऊन थांबली. गाडीला काही झालं नव्हतं. पुढच्या दिव्याची काचसुद्धा शाबूत होती. कांद्याची पोती जागच्या जागी होती. पापांना दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

तेमा शहरात राहणाऱ्या माझ्या भावाला फोन करून मी सांगितलं, "पापांची गाडी उतारावर बंद पडली."  तो एवढंच म्हणाला, "मी येतो."

गाडी ओढून आमच्या अंगणात आणली त्या माणसानं चावी फिरवून पाहिली. इंजिन घरघर फिरत होतं, पण पेटत नव्हतं. त्यानं बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि कुणी न विचारता निकाल दिला.

"टायमिंग गेलं याचं. कुणी केलं होतं काम?"

तो त्याच्या रस्त्यानं गेला. पण प्रश्न अंगणातच राहिला, आणि तो माझ्या आत्यानं, पापांच्या थोरल्या बहिणीनं, आफ्राकोमानं, उचलला.

"तू शेडमध्ये होतीस ना, आफ्रिये?"

"होते. पूर्ण वेळ नव्हते."

"का नव्हतीस?"

"मास्टरनी मला घरी जायला सांगितलं."

आत्यानं नुसतं "हं" म्हटलं. आमच्याकडे मुलं बापाच्या कुळात धरत नाहीत, आईच्या धरतात. पापांसाठी न्याय मागायचा तर तो त्यांच्या बहिणीनं मागायचा. पण साक्षीला मी हवी होते. दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या खोलीत बोलावून कापड बाजूला केलं. टोपलीत अंडी होती, आणि शेजारी दारूची बाटली.

"अंतोआच्या नदीवर जाणार आहे मी," ती म्हणाली. "दुखवट्याची आठवड्याची बैठक झाली की."

मी चर्चमध्ये वाढले, आणि आयुष्य पुस्तकांत काढलं. तरी अंतोआचं नाव निघालं की आमच्याकडे कुणाचाही आवाज खाली येतो, माझाही. त्या पाण्यात अंडी फोडून ज्याचं नाव घ्यायचं, त्याच्या घरी नदी जाते असं म्हणतात.

"'ज्यानं कुणी केलं त्याला' असं म्हटलं तर चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतं. पण मग नदी चाचपडत जाते. कुणाचंही लेकरू तिच्या हाताला लागतं. नाव दिलं की सरळ जाते." तिनं कापड परत झाकलं. "बैठकीत मी तुला विचारीन. तू नाव घे. तू घेतलेलं मी पाण्याला सांगेन."

नदीचं मला माहीत नव्हतं. मॅगझिनचं मात्र माहीत होतं. ज्या फिटरचं नाव पाण्यावर गेलं, त्याच्या शेडपुढे पुन्हा एकही ड्रायव्हर गाडी उभी करणार नव्हता. बायको, मुलं, हाताखालची माणसं, सगळ्यांना त्याच्यापासून लोक दूर ओढून नेतील. तेव्हा नाव घ्यायचं तर ते बरोबर असायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, ते बरोबर निघावं अशी माझी इच्छा होती.

मी बॉनेट उघडलं.

फार शोधावं लागलं नाही. इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या कडेनं सगळीकडे लाल पॅकिंग पेस्ट बाहेर आली होती, ताजी, चकचकीत. बोल्टच्या डोक्यांवर पान्ह्याचे कोरे ओरखडे होते. बाकी सगळं इंजिन काळं, धुळीनं माखलेलं. म्हणजे मी घरी गेल्यावर पुढचं झाकण उघडलं गेलं होतं. मास्टर ते कधीच उघडत नसत. उघडावं लागतं ते एकाच कारणानं.

चेन सुटली होती.

मी रात्रभर हे जुळवत राहिले नाही, जुळवायला पाच मिनिटं पुरली. पापा हात धुवायला किंवा सावलीत टेकायला गेले असतील. मास्टरनी घाईत चेन स्वतः धरली असेल. सुटली. मग झाकण उघडून, घाईघाईत, अंधार पडायच्या आत ती पुन्हा चाकांवर चढवली, आणि एक दात चुकला. एक दात चुकलेलं इंजिन सुरू होतं, चालतंही. उतारावर कधीतरी दगा देतं. आणि पापांना यातलं काही सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर ते घरी येऊन बकरीबद्दल बोलले नसते.

आणखी एक गोष्ट होती. मॅगझिनमध्ये कुठलाही भाग बदलला की जुना भाग मालकाच्या हातात द्यायची रीत आहे. नाहीतर बदलला कशावरून? पापा असे जुने भाग सीटखालच्या पेटीत ठेवायचे. मी पेटी उपसली. जुने बेअरिंग होते, एक फुटका पंप होता, नोझल होते. चेन नव्हती.

मी मॅगझिनमध्ये गेले तेव्हा मास्टर डोत्से एका लॉरीखालून बाहेर आले. मला पाहून त्यांनी हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय काम काढलंस?" जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"जुनी चेन कुठाय, मास्टर?"

"चेन? ती दिली की. तुझ्या पापांना दिली."

"गाडीत नाही. घरात नाही."

"मग पडली असेल कुठे. गाडी ओढून आणताना पडतात वस्तू."

"पेटीला कडी होती."

त्यांनी पान्हा उचलून परत खाली ठेवला.

"आणि पुढचं झाकण का उघडलंत?"

"कोण म्हणतं उघडलं?"

"लाल पेस्ट म्हणते."

"ती मागच्या वेळची असेल."

"मागच्या वेळी तुम्ही काळी वापरली होती. बाजूच्या पंपावर अजून आहे."

शेजारच्या शेडमधला पंक्चरवाला मोठ्यानं म्हणाला, "लायब्ररीवाल्या आता इंजिनं तपासायला लागल्या! डोत्से, तुझा निकाल कधी आहे?" दोघंतिघं हसले.

"तू गप रे," मास्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "दुःखाचं घर आहे तिचं."

मी पाण्याचा ग्लास ठेवायला आत गेले. दाराच्या मागे, खिळ्यावर, एक चेन लटकत होती. एका जागी ग्राइंडरनं कापलेली. मी ती ओळखली नसती, पण तिच्याकडे माझं लक्ष गेलेलं मास्टरनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पाहून ओळखली.

 विचारून काय होणार होतं? माणूस दोनदा खोटं बोलला होता. तिसऱ्यांदा त्याला खोटं बोलायला लावायची मला घाई नव्हती.

"मास्टर," मी निघताना म्हणाले, "बैठकीच्या दिवशी सकाळी घरी या. गाडी सुरू करून दाखवा. नाही झाली तर आत्या मला नाव विचारणार आहे."

त्यांना कशाचं नाव ते सांगावं लागलं नाही. त्यांनी मॅगझिनमध्ये आयुष्य घालवलं होतं.

"येतो," ते म्हणाले.

दरम्यान हज्जिया रमातू आली. एजुराहून पापांच्या शेजारी बसून आलेली कांदेवाली तीच. गुडघ्याला पट्टी होती, बाकी ठीक होती. ती आत्यापाशी रडली, मग माझ्याजवळ येऊन बसली. मी तिचं रडणं पुरं होऊ दिलं नाही.

"नेमकं काय झालं, हज्जिया? क्रमानं सांगा."

"क्रमानं काय सांगू, पोरी? चांगले चालले होते. एका हातानं गाडी चालवत होते, दुसरा असा मांडीवर टाकलेला. मी म्हटलं, ड्रायव्हर, या वयात ऐट कमी करा. बोलले नाहीत. एरवी मला सोडलं असतं का?"

"मग?"

"मग एकदम इंजिन गप्प झालं. एकदम. वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. गाडी धक्के खात गवतात गेली. थांबली. मग ते माझ्या अंगावर कलले."

"आधी इंजिन गप्प झालं?"

"आधी इंजिन."

"नक्की?"

"पोरी, मी त्यांच्या शेजारी होते."

आत्या मागे उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, हिशेब मिटल्यासारखी.

बैठकीच्या दिवशी सकाळीच मास्टर डोत्से आले. लाल-काळ्या कापडात, दुखवट्याला यावं तसे. पण काखेत बॅटरी होती. अंगणात भाड्याच्या खुर्च्या उतरत होत्या. आत्या ओसरीवर बसली. माझा भाऊ तिच्यामागे उभा राहिला. मी गाडीच्या दाराशी उभी राहिले, जिथून मास्टर डोत्सेंचे दोन्ही हात दिसतील.

त्यांनी बॅटरी जोडली, आत बसले, चावी फिरवली. इंजिन घरघर फिरलं. पेटलं नाही. पुन्हा फिरवली. नाही पेटलं.

"झालं बघून?" आत्या ओसरीवरून म्हणाली.

मास्टरनी मान तिरकी करून कान लावला होता. "चेन जागेवर आहे," ते पुटपुटले. "असं फिरणारं इंजिन पेटायला हवं." मग ते थांबले. उजवा हात त्यांनी सावकाश डॅशबोर्डच्या खाली नेला, चाचपला, आणि तिथेच ठेवला. 

"काय आहे तिथं?" मी विचारलं.

"तू घाल हात."

मी आत वाकले. पत्र्याच्या मागे, बोटांना सहज सापडणार नाही अशा जागी, एक छोटी गुंडी होती. तारेच्या टोकाला. ती चांगली वीतभर बाहेर आलेली होती.

"ही काय आहे?"

"इंजिन बंद करायची तार. मूळची सोय केव्हाच बिघडली होती. मी सायकलच्या ब्रेकची तार घालून ही करून दिली. मुद्दाम लपवून. ओढून ठेवली की डिझेल बंद. चोरानं कितीही चावी फिरवली तरी गाडी पेटत नाही. तुझ्या पापांना आणि मला, दोघांनाच माहीत." त्यांनी चावीवर हात ठेवला. "ढकल आत."

मी ढकलली. त्यांनी चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या फेरीत पेटलं.

सुरुवातीला धूर आला, मग आवाज सरळ झाला. खड्यांचा आवाज नव्हता. दात चुकलेलं इंजिन असं चालत नाही, हे मलाही कळत होतं. मास्टरनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. ओसरीवर सगळे उभे राहिले होते.

मी अजून सोडलं नव्हतं. "ही तार धक्क्यानं ओढली जाते?"

"नाही. दोन बोटं घालून, पिळून ओढावी लागते."

"आत्ता तुम्हीच ओढली नसेल कशावरून?"

"तू इतका वेळ माझ्या हातांकडेच बघत होतीस," ते म्हणाले. "तूच सांग. ओढली का मी?"

"नाही."

त्यांनी गुंडी पिळून ओढली. इंजिन गप्प झालं, एकदम, हज्जियानं सांगितलं तसं. मी ओसरीकडे पाठ केली.

"म्हणजे इंजिन पापांनी बंद केलं. चालत्या गाडीत. उतारावर. का?"

मास्टर स्टीअरिंगकडे बघत बोलले.

"तू गेलीस ना त्या दुपारी. तुला मीच घालवलं. त्यांचा डावा हात मला ठीक वाटला नाही. चेन धरली होती, पण बोटं मिटलेली नव्हती. मी म्हटलं, ड्रायव्हर, हात बदला. ते म्हणाले, फिरव तू. मी फिरवलं. आणि चेन त्यांच्या हातातून गेली. सुटली म्हणजे, त्यांना कळलंच नाही सुटली ते. आवाज आल्यावर त्यांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं."

"पापांच्या हातून सुटली?"

"मग झाकण उघडलं. सगळं पुन्हा केलं. दात दोनदा मोजले, तिसऱ्यांदा त्यांनी मोजायला लावले. तोवर हात परत आला होता. मूठ करून दाखवली. माझ्याशी पंजा लढवला, आणि मला हरवलं, पोरी. म्हणाले, थकवा होता. पोरांना सांगायचं नाही. मला शपथ घातली. जुनी चेन द्यायला गेलो तर म्हणाले, ठेव तुझ्याकडे. जिनं माझा हात दाखवून दिला ती घरात नको."

म्हणून ती खिळ्यावर होती.

मला पापांचं त्या रात्रीचं जेवण आठवलं. उजव्या हातानं फुफू तोडणं, सूपमध्ये बुडवणं. आमच्याकडे डाव्या हातानं जेवत नाहीत, देत नाहीत, घेत नाहीत, कुणाला हात करत नाहीत. चारचौघांत तो हात मांडीवर, कापडाखाली असतो. आख्खं घर समोर बसलेलं असताना माणसाचा डावा हात मेला तरी कुणाला दिसत नाही. चेन ओढायलाच तेवढा तो लागतो. आणि गाडी चालवायला.

दुसऱ्या दिवशी उतारावर तो हात पुन्हा गेला, आणि या वेळी बहुतेक पायही. क्लचवर पाय जात नव्हता. म्हणून त्यांनी उजव्या हातानं स्टीअरिंग सोडून ती गुंडी शोधली, पिळली, ओढली. गिअरमध्ये असलेलं इंजिन बंद झालं की गाडी आपोआप अडते. मग गवताकडे वळवली. शेजारी हज्जिया होती.

"तुम्ही त्यांची किल्ली का नाही काढून घेतलीत?" मी विचारलं.

"ड्रायव्हरकडून? त्यांच्याकडून?" मास्टरनी मान हलवली. मग म्हणाले, "काढून घ्यायला हवी होती."

ते गाडीतून उतरले. "आता तू काय ते ठरव. नाव घेतलंस तरी मी नाही म्हणणार नाही."

बैठक सुरू झाली तेव्हा ऊन चढलं होतं. एका बाजूला पापांचं कूळ, समोर आम्ही मुलं, मधे पाहुणे. मास्टर डोत्से पाहुण्यांत मागच्या रांगेत बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. बातमी अंगणातून रस्त्यावर जायला वेळ लागत नाही, आणि ती नेहमी अर्धीच जाते. गाडी सुरू झाली हे लोकांना कळलं होतं. म्हणजे फिटरनं काहीतरी केलं आणि आता काहीतरी उलटं केलं, असं त्यांनी धरलं होतं.

कुळातल्या वडीलधाऱ्यांनी पूर्वजांसाठी जमिनीवर पाणी ओतलं, पापांना बोलावलं, ते आता गावाला गेले आहेत असं म्हणाले. सगळे तसंच म्हणत होते. गावाला गेले. आपल्याला सोडून गेले. हात सोडला. मीही आठवडाभर लोकांना काय काय सांगत होते: गाडी बंद पडली, उतार होता, उशीर झाला.

"आफ्रिये," आत्या म्हणाली. टोपली तिच्या खुर्चीखाली होती. "तू तिथं होतीस. तू गाडी उघडून पाहिलीस. सगळ्यांसमोर नाव घे."

मी उभी राहिले. घेता आलं असतं. तो माणूस दोनदा माझ्याशी खोटं बोलला होता, त्यानं पापांचा हात पाहिला होता, आणि पाहून त्यांना चाकामागे बसू दिलं होतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. नदीला एवढं पुरलं असतं. मलाही पुरलं असतं. पुढे महिनोन्महिने पुरलं असतं. रोज सकाळी उठून संशय घ्यायला एक माणूस असता.

"चेन नीट बसवलेली आहे," मी म्हणाले. "इंजिन बंद पडलं नाही. पापांनी स्वतः बंद केलं. त्यांचा डावा हात आदल्या दिवशीच गेला होता. त्यांनी तो सगळ्यांपासून लपवला."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. हज्जियानं तोंडावर पदर धरला.

"हात जाऊ दे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, कापत होता. "मी तुला एकच विचारतेय. माझ्या भावाला मारलं कुणी?"

मला वाटलं होतं, उत्तर द्यायला खूप शब्द लागतील.

"कुणी नाही, आत्या," मी म्हणाले. "पापा मेले." तो शब्द एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच उच्चारला, आणि कुणी ऐकला नसेल म्हणून पुन्हा उच्चारला. "माझे पापा मेले."